सरासरीतली दोन डोकी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका शिक्षिकेने विचारलंय: स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘सरासरी दरडोई उत्पन्न’ असं छापलंय, त्यातला ‘सरासरी’ जादा आहे का? आणि हा शब्द मूळचा कुठला?

जादा आहे. एकूण उत्पन्नाला डोक्यांनी भागलं की दरडोई मिळतं. भागाकार झाल्यावर पुन्हा सरासरी कशाची काढता? पण माझ्या डोक्यात तिडीक जाते ती वेगळ्याच वाक्याने. ‘आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस दरडोई अमुक इतकं कमावतो.’ भाषणात, बातमीत, सगळीकडे हेच. अहो, दरडोई कुणी कमावत नसतं! निपाणीत विड्या वळणारी बाई दर हजार विड्यांमागे मजुरी घेते, बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्रीतला कामगार पगार घेतो. त्यांची आणि चिकोडीकडच्या बड्या ऊसवाल्याची कमाई एका ढिगात टाकून भागली की दरडोईचा आकडा येतो. तो तिघांपैकी कुणाच्याही खिशात नसतो.

‘डोई’वर वेळ घालवत नाही. डोईपट्टी, डोईजड सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि कन्नड पेपरातल्या ‘तला आदाय’मध्येही, म्हणजे दरडोई उत्पन्नातही, डोकंच आहे. खरी गंमत सरासरीत.

एक जाणते अभ्यासक हा शब्द संस्कृत ‘सृ’ धातूवरून आणतात. म्हणे आकडे सरत सरत मध्यावर येतात. ही व्युत्पत्ती नव्हे, कीर्तन झालं. शब्द सरळसरळ फार्सी आहे: सर + आ + सर. ‘सर’ म्हणजे डोकं, आणि टोकही. सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळंच्या सगळं. हिंदीत ‘सरासर झूठ’ म्हणतात तो हाच. (काही आकडेवाऱ्या पाहिल्या की दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात.) आमच्या सरहद्दीतला ‘सर’ही तोच.

मग ‘टोकापासून टोकापर्यंत’चं ‘मधलं’ कसं झालं? माझा तर्क असा, की हे काम जमाबंदीच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या, दप्तरात झालं असणार. शेत न् शेत पाहून आकारणी करायची तर चावडीवर महिने मोडतात. त्यापेक्षा गाव या शिवेपासून त्या शिवेपर्यंत एकदम धरायचा, काळी, मुरमाड, पाणथळ सगळी जमीन एकाच दराने लावायची आणि मोकळं व्हायचं. आधी ‘सगळं मिळून’, मग ‘ढोबळमानाने’, मग ‘मधला आकडा’. अर्थ असाच घरंगळत आला असणार. ‘सृ’वाल्यांनी यापेक्षा बरी वाट दाखवावी, मी ऐकायला बसलोय.

याच घडणीचा दुसरा शब्द दिवसातून शंभरदा आपल्या तोंडात असतो: बरोबर. फार्सी बराबर, म्हणजे बर + आ + बर. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून उभे राहिलेले दोघे ते बरोबरीचे. सरासरीला माणसं उभी करावी लागत नाहीत, दोन टोकं सापडली की काम भागतं. बरोबरीला समोर माणूस लागतो. अर्थशास्त्री मंडळी पहिली काढतात आणि दुसरी साधली म्हणून सांगतात, तिथे माझं त्यांच्याशी भांडण आहे.

महाराष्ट्रात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला ते, ठरवला तो राज्याच्या सरासरीच्या खाली कोण किती, यावर. आणि एकक धरलं जिल्हा. दांडेकर मोठे खरे, पण जिल्हा हे एकक मला कधीच पटलं नाही. कर्नाटकातल्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये शहाणपण केलं, थेट तालुक्यात उतरली. विकासाचे ३५ निकष, राज्याची सरासरी १ धरलेली, आणि १७५ पैकी ११४ तालुके तिच्या खाली. जिल्ह्यावर थांबलं तर चिकोडीचा ऊस आणि कणकुंबी-जांबोटीचं रान एकाच आकड्यात बसतं, आणि रानातला माणूस कागदावर फुकटचा सुधारतो. तरी सरासरी सुटली नाहीच. उत्पन्नापुरतं बोलायचं तर राज्याच्या उत्पन्नात तिसऱ्या हिश्शाहून जास्त भर एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्याची. ती सरासरी वर ओढणार, आणि तिकडे बघत आमचा जिल्हा खालीच राहणार.

धोरण नीतीने करायचं तर एकक निवडतानाच नीती लागते, नंतर निधी वाटताना आठवून उपयोग नाही. २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (जे) आलं, कलबुर्गीकडच्या भागाला नोकऱ्यांत आणि शिक्षणात राखीव जागा मिळाल्या. मिळायलाच हव्या होत्या. पण ती रेघ जिल्ह्यांच्या हद्दीवरून गेली. तिच्या अलीकडच्या गरीब तालुक्याने काय करायचं? सवदत्ती-रामदुर्गाकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा.

असो. बाईंना सांगायचं राहिलं: पुस्तकात ‘दरडोई उत्पन्न’ एवढंच ठेवा, नाहीतर ‘माणशी उत्पन्न’ म्हणा. आणि वर्गात कुणी कन्नड ‘आदाय’ म्हणजे आपलं ‘अदा’ असं सांगितलं तर तिथेच थांबवा. आदाय संस्कृत, म्हणजे आलेला पैसा; अदा अरबी, म्हणजे चुकता केलेला. ‘आदाय तेरिगे’च्या पाटीवर, म्हणजे प्राप्तिकराच्या, दोन्हींचा घोळ घालणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्या एका पाटीपुरता त्यांचा घोळ खपूनही जातो.