वाचक विचारतात : देव जवळ आहे म्हणता, मग जाणवत काऊन नाही?

प्रश्न : ताई, सलाम. मी 31 वर्षांचा आहे, मोहननगरला राहतो, मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्ट ड्युटी. घर आजोबांपासून ख्रिस्ती, संडे स्कूल, तरुण संघ सगळं झालं. दोन वर्षांआधी एका कन्व्हेन्शनला गेलो होतो, तिथे शेवटच्या रात्री प्रार्थनेत मी नुसता रडत होतो, अंग थरथरत होतं आणि प्रभू इथेच आहे यात काही शंकाच नव्हती. पुढचे काही महिने मस्त गेले. आता काहीच वाटत नाही. बायबल वाचतो, डोक्यात शिरत नाही, प्रार्थना करतो तर स्वतःशीच बडबडून राहिलो असं वाटतं. यूट्यूबवर वर्शिप लावून पाहिलं, दर रविवारी वेगळी फेलोशिप करून पाहिली, उपवास पण केले. मित्र म्हणतो तुझं चर्चच थंड आहे, सोड ते. बायको म्हणते, तुम्ही देवाला शोधून राहिले का त्या रात्रीला? पवित्र आत्मा मला सोडून गेला का ताई? — एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, सलाम. तुमच्या बायकोचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा भारी आहे, तिला उत्तर दिलं का तुम्ही? पत्रात तर दिसलं नाही!

आधी भीतीचं बोलू. आत्मा सोडून गेला असता तर तुम्हाला त्याची एवढी हुरहूर लागली नसती, ज्याला देव नकोच असतो तो काही असं पानभर पत्र लिहीत बसत नाही. आणि ही कोरड तुमच्या एकट्याची नाहीये. बायबलमधलं 42वं स्तोत्र उघडा, तिथे माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतोय की बाबा तू असा खचलास का. 88वं तर सरळ अंधारातच संपतं, शेवटी धीर देणारी एक ओळ पण नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि लोक शतकानुशतके तेच घेऊन प्रार्थना करत आलेत. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा किती जणांना धक्का बसला, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं बहुतेक जाणवतच नव्हतं आणि तरी रोज पहाटे त्या प्रार्थनेला बसत होत्या.

पण म्हणून अनुभव वगैरे सगळं भावनिक नाटक असतं असं जे काही शिकलेले लोक म्हणतात ना, ते मला पटत नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की धर्म तर मिळाला पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र रात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. ते खोटं नव्हतं आणि तुमची ती रात्र पण खोटी नव्हती. फक्त केडगावला त्यानंतरही शेती चालू राहिली, विणकाम चालू राहिलं, दुष्काळातून आणलेल्या मुलींचा सांभाळ चालू राहिला, आणि बाई 1922 मध्ये जाईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला बसत होत्या. ती 1905 ची लाट परत आणा म्हणून त्या गावोगाव सभा शोधत फिरल्या नाहीत.

आता माझं म्हणणं काय ते सांगते, पटतं का बघा. शास्त्रात देव जवळ होता हे माणसाला बरेचदा नंतर कळतं. याकोब दगड उशाला घेऊन झोपला, उठल्यावर म्हणाला, परमेश्वर इथे होता आणि मला पत्ताच नव्हता (उत्पत्ती 28). मोशेने तेज दाखव म्हणून हट्ट धरला तर त्याला पाठ तेवढी दिसली, तोंड नाही (निर्गम 33). आणि येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघं शिष्य! साधारण 11 किलोमीटरच्या त्या वाटेवर प्रभूच्या सोबत चालले, त्याच्याशीच बोलले, त्यालाच त्याची बातमी सांगितली आणि ओळखलं कधी, तर संध्याकाळी भाकर मोडली तेव्हा, आणि ओळखलं तसा तो दिसेनासा झाला. मग एकमेकांना म्हणतात की अरे वाटेत आपलं अंतःकरण पेटलं होतं ना (लूक 24). म्हणजे पेटलं तर होतं, पण चालताना कोणी थांबून ते तपासत बसलं नव्हतं. तुम्ही काय करता, प्रार्थनेला बसल्या बसल्या चेक करता, आलं का काही, वाटतंय का काही. अशाने तर काही वाटत असलं तरी निघून जाईल.

म्हणून पुढे बघणं थोडे दिवस बंद करा आणि रात्री मागे बघा. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात ही सवय आपल्या लोकांना लावली, दिवसातून दोनदा, तुम्ही एकदाच करा. ड्युटीवरून आले, जेवले, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला (हे महत्त्वाचं आहे, उशाला ठेवला की संपलं) आणि अंधारात दहा मिनिटं. सकाळपासून दिवस आठवायचा, प्रभू तू दाखव म्हणायचं. समजा वर्धा रोडवर सिग्नल हिरवा व्हायच्या आतच मागचा हॉर्न मारत होता, तुमचं डोकं तापलं, तोंडापर्यंत शिवी आली आणि आज निघाली नाही, का बरं निघाली नाही? तिथे थांबा. किंवा कॅन्टीनमध्ये तो नवीन पोरगा एकटाच डबा खात होता आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलं, तिथे पण थांबा, माफी मागा, आणि झोपा. रडायला येणं गरजेचं नाही. काही दिवस काहीच सापडणार नाही, तेही चालतं.

झोपेवरून आठवलं, नाईट शिफ्ट करून उपवास करता हे मला काही आवडलं नाही. एलिया संदेष्ट्याचं सगळ्यांना पाठ असतं की देव वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता आणि मग ती मंद वाणी. पण त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. तो झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, ऊठ खा म्हणाला, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं (1 राजे 19). तर आधी दोन आठवडे नीट झोप घ्या. आणि कोरडेपणा फक्त प्रार्थनेतच आहे का खाणं, काम, घरचे, क्रिकेट कशातच मन लागत नाही, हे बघा. कशातच लागत नसेल तर डॉक्टरला दाखवा, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यात विश्वास कमी पडला वगैरे काही नसतं.

मित्र चर्च सोड म्हणतो, तर त्याच इग्नेशियसचा दुसरा नियम ऐका : मन कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. बरं वाटायला लागेल तेव्हा ठरवा, तेव्हाही सोडावंसं वाटलं तर पाळकसाहेबांना तोंडावर सांगून सोडा, गुपचूप नाही. आपल्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि आपण दर रविवारी नवीन फेलोशिप ट्राय करून राहिलो, गंमतच आहे. तुमच्या मंडळीत थंडपणा असेलही, मी नाही म्हणत नाही. पण महिन्यातून एक शनिवार त्यातल्याच दोघा-तिघांना घेऊन मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. वॉर्डाबाहेर चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेले नातेवाईक फरशीवर चादर टाकून पडलेले असतात, हातात फाईल, कोणत्या खिडकीवर जायचं तेही कळत नाही. त्यांना ती खिडकी दाखवा, चहा पाजा, उगाच धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका. आजाऱ्याकडे आलात ते माझ्याकडेच आलात हे मत्तय 25 मध्ये प्रभूने स्वतः म्हटलंय, तिथे कुणाला काही जाणवलं होतं असं लिहिलेलं नाही, उलट ते विचारतात, प्रभू आम्ही तुला कधी पाहिलं?

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या फेलोशिपला जाते. तिला अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने तोंडातून निघते म्हणतात ती अनोळखी भाषा) येत नाहीत म्हणून तिला आत्मा मिळालाच नाही असं तिथे सांगतात, पोरगी घरी येऊन रडते. — एक आई, जरीपटका

उत्तर : तिला 1 करिंथ 12 चा शेवट वाचायला द्या. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं प्रेषित पौल विचारतो आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. गलती 5:22 ची यादी पण दाखवा, त्यात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आहे, भाषा नाही. भाषेचं हे दान खरं आहे, मिळालं तर आनंदाने घ्यावं, पण रडवून तपासणी घ्यायचा अधिकार त्या लीडरला कोणी दिला? तुम्ही स्वतः जाऊन भेटा एकदा, शांतपणे, पण जा.

प्रश्न : ताई, शुगर आहे, इन्सुलिन घेते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस पूर्ण उपवास केला तर देव जास्त जवळ येईल का? — एक आजी, कामठी

उत्तर : आजी, अजिबात करू नका हो. इन्सुलिन घेऊन जेवण सोडलं तर शुगर एकदम खाली जाते, चक्कर येऊन पडाल. यशया 58 मध्ये देव उपवास कशाला म्हणतो ते बघा, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या म्हणतो. तुमची भाकर खा आणि रोज एकीचे पैसे बाजूला ठेवून कुणाला तरी द्या. सोडायचंच असेल तर सिरीयल सोडा, ती वेळ प्रार्थनेला द्या. आणि पाणी पीत राहा, लेंट उतरेपर्यंत आपल्याकडे ऊन किती चढलेलं असतं ते काय तुम्हाला सांगायचं.