मानवी जाणीव उत्क्रांत होत होत शेवटी सगळं जग एक होईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, जाणीव उत्क्रांत होऊन सगळी मानवजात एक होईल का आणि ध्यानधारणेने ते लवकर घडेल का. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसं हळूहळू जवळ येतायत असं मलाही वाटतं, पण ते आपोआप होत नाहीये, एकत्र काहीतरी काम करावं लागलं तेव्हा तेव्हाच ते झालंय.

श्री अरविंद आणि फ्रान्सचे तेयार द शार्दँ (जेझुइट धर्मगुरू आणि जीवाश्मांचे अभ्यासक) या दोघांनीही साधारण तुमच्यासारखाच विचार मांडला होता, की जडातून जीव आला, जीवातून मन आलं, म्हणजे पुढची पायरीही असणार. दोन महायुद्धं बघूनही ज्यांचा माणसावरचा विश्वास उडाला नाही अशा लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण उत्क्रांती कुठेतरी पोचायला निघालीये हे मला पटत नाही. नैसर्गिक निवडीला पुढचं काही दिसत नसतं, आत्ता कोण तगलं आणि कोणाला पिल्लं झाली एवढाच तिचा हिशोब. गेल्या दहा हजार वर्षांत शेती आली, शहरं आली, इंटरनेट आलं, मेंदूची घडण मात्र जवळपास तीच राहिली.

आणि त्या मेंदूला 'आपले' आणि 'परके' करायला किती थोडं कारण पुरतं ते बघा. १९७० च्या आसपास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि तुझी आवड अमक्याची, तू या गटात, असं सांगून दोन गट पाडले. खरं तर गट कसेही पाडलेले होते. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं, पैसे वाटायचे होते तेही दुसऱ्यांना, स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि कित्येकदा तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळायला हवं असा हिशोब केला. धर्म नाही, भाषा नाही, जुनं वैर नाही, तरी हे.

याच्या आधीचा, १९५४ चा मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत ओक्लाहोमात कॅम्पला आलेल्या ११ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावल्या, आणि प्रकरण एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. (भांडणाला मोठ्यांचीच फूस होती अशी टीका नंतर झाली आणि ती रास्त आहे.) मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला, काही उपयोग नाही, उलट जेवतानाच एकमेकांवर अन्न फेकाफेकी. फरक पडायला लागला तो कॅम्पचं पाणी बंद झालं आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हापासून. नंतर ट्रक अडला, तो ओढायला मुलांनी जो दोर आणला तो रस्सीखेच खेळताना ते एकमेकांविरुद्ध ओढत होते तोच. नुसतं जवळ आणून, एकमेकांना समजून घ्या सांगून जे झालं नाही ते अशा कामांतून हळूहळू झालं.

जगाच्या पातळीवर याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे देवी रोग. विसाव्या शतकात या रोगाने अंदाजे ३० कोटी माणसं मारली. १९५८ मध्ये ऐन शीतयुद्धात सोव्हिएत डॉक्टर व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य संघटनेत प्रस्ताव मांडला की हा रोग पृथ्वीवरूनच संपवू, मग सोव्हिएत लस आणि अमेरिकन डी. ए. हेंडरसन यांचं नेतृत्व असं काम चाललं, तेही दोन्ही देश एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले असताना. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, अली माओ मालिन, हॉस्पिटलमधला स्वयंपाकी. टोचून घ्यायला घाबरल्यामुळे त्याने लस टाळली होती. तो वाचला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत घरोघरी जाऊन आपलीच गोष्ट सांगून लोकांना लस घ्यायला तयार करायचा, २०१३ मध्ये त्याच कामावर असताना मलेरियाने गेला. सगळं जग एक होणं म्हणतात ते मला या माणसात दिसतं.

पण 'आपल्या' माणसांचं हे वर्तुळ एकदा मोठं झालं की मोठंच राहतं असंही नाही. कोविडची लस विक्रमी वेळात आली, आणि श्रीमंत देशांनी स्वतःच्या लोकसंख्येला पुरून उरतील इतके डोस आधीच बुक करून ठेवले, गरीब देशांतले आरोग्य कर्मचारी मात्र लसीशिवाय काम करत राहिले. जाणीव ४० वर्षांत मागे गेली म्हणायचं का? भीती वाटली की आपण पटकन आपल्या कळपात शिरतो, तो मेंदू अजून तिथेच आहे.

ध्यानाबद्दल म्हणाल तर जरूर करा, त्याने राग आवरतो, समोरच्याचं ऐकून घ्यायची ताकद येते, आणि कुठल्याही एकत्र कामात हे लागतंच. पण पुरेशी माणसं ध्यानाला बसली की जगाची जाणीव आपोआप वर जाईल यावर माझा विश्वास नाही. गुलामगिरी हजारो वर्षं बहुतेक समाजांना स्वाभाविक वाटत होती, ती गेली कायद्यांनी, बंडांनी, चळवळींनी, आणि कायद्याने ती बंद करणारा शेवटचा देश मॉरिटानिया, तोही १९८१ मध्ये.

आता खरी परीक्षा कार्बनची, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या धुराची आहे. ओझोनच्या वेळी १९८५ मध्ये छिद्राचा शोध जाहीर झाला आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झालासुद्धा, कारण घातक वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांना पर्याय सापडत होता. कार्बन प्रत्येकाच्या चुलीत, गाडीत, पगारात आहे, १९९२ पासून करार होतायत, २०१५ मध्ये पॅरिसला जवळपास सगळे देश एका कागदावर आले, तरी हवेतला कार्बन वाढतोच आहे. इथे कॅम्पमधल्या पाण्यासारखं सगळ्यांचं एकदम अडत नाही, ज्यांनी धूर कमी सोडला त्यांचं आधी अडतं, आणि ज्यांच्याकडे दोर आहे त्यांना अजून ट्रक अडलाय असं वाटत नाहीये.