प्रमाण तेच, मग पापुद्रे का सुटतात?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ७० किलो पीपीत (पॉलिप्रॉपिलीन) ३० किलो एचडीपीईचा (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) रिप्रोसेस, म्हणजे भंगारातून बनवलेला, दाणा घालून क्रेट काढतो. मध्यंतरी पीपीचा ग्रेड बदलला आणि गेटजवळ (प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाशी) पापुद्रे सुटू लागले. प्रमाण तेच, तापमान तेच. दाणा खराब आला असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दाण्याला दोष देण्याआधी दोन्ही पीपींचे एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स : वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा; जास्त म्हणजे पातळ) बघा. नवा ग्रेड जुन्यापेक्षा बराच पातळ असणार, अशी माझी अटकळ आहे. साचा पटकन भरतो म्हणून उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत सगळे असाच ग्रेड मागतात. त्यात तुमचा एचडीपीई ड्रम-कॅनच्या भंगाराचा असेल, तर तो फार घट्ट; एमएफआय एकाच्याही खाली.

ही दोन प्लास्टिकं वितळली तरी एकजीव होत नाहीत. एचडीपीईचे थेंब पीपीत विखुरतात. प्रवाह थेंबाला ताणतो, पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो. ही ओढाताण जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्येच प्रयोगांनी मांडली. पुढे साध्या द्रवांवर दिसलं, की थेंब भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपटीपेक्षा घट्ट असेल तर नुसत्या घासणाऱ्या प्रवाहात तो फुटतच नाही. पातळ ताकातली बेसनाची गुठळी पळीभोवती गरगरते, तसा फिरत राहतो. मशीनच्या स्क्रूमध्ये (दाणा वितळवून पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा) बहुतांशी असाच घासणारा प्रवाह असतो. मग हे मोठे थेंब गेटमधून जाताना पट्ट्यांसारखे लांबतात, पृष्ठभागाखाली पसरतात आणि पीपीला नीट न चिकटल्यानं सोलून निघतात. म्हणजे टक्केवारी न बदलताही आतली रचना बदलली.

एमएफआयचे आकडे मात्र थेट शेजारी ठेवू नका. पीपीचा २३० अंशांवर मोजतात, एचडीपीईचा १९० वर; वजन दोन्हीला बहुधा २.१६ किलो. शिवाय ती चाचणी संथ प्रवाहाची. मशीनमध्ये वेग कितीतरी जास्त, आणि वेग वाढला की दोन्ही पातळ होतात, पण सारख्या प्रमाणात नाही.

आधी जुन्याइतका घट्ट पीपी आणून एक लॉट काढा. जमलं नाही, तर तुमचं मिश्रण ट्विन-स्क्रूवरून (दोन स्क्रूंचं मिश्रणयंत्र) काढून घ्या; तिथल्या मिक्सिंग भागात प्रवाह थेंबाला नुसता घासत नाही, खेचतोही, आणि खेचल्यावर घट्ट थेंबही तुटतो. बॅरलचं (स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीचं) तापमान मात्र वाढवू नका. मोह होईल, पण उष्णतेनं पीपी एचडीपीईपेक्षा जास्त पातळ होतो, त्यामुळे दोघांतलं अंतर आणखी वाढेल.