बोका पडद्यावर, चपलांच्या रॅकवर लघवीचे फवारे मारतो. दोन दिवसांपासून लघवीसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये सारखा बसतोय. इन्फेक्शनवर घरगुती उपाय काय?

तुमचा बोका ३ वर्षांचा, नसबंदी न झालेला, आणि दवाखान्यात न नेता जवाचं पाणी वगैरे देऊन भागेल का असं तुम्ही विचारलंय. ट्रेमध्ये सारखा बसतोय हे मात्र अगदी शेवटी लिहिलंय. ते सगळ्यात आधी हवं होतं. फवाऱ्यांचं बघायला महिना लागला तरी चालेल, याला रात्रही थांबता येत नाही.

आत्ता ट्रेमधली माती चाळा. ओले गोळे सापडतायत का? सापडत असतील, अगदी सुपारीएवढे का असेनात, तर पुढचं वाचा. काहीच नसेल, किंवा कुंथून कुंथून थेंबभर येत असेल, तर बोक्याला कॅरियरमध्ये घाला आणि निघा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, नाहीतर जवळचा जो दवाखाना उघडा असेल तो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी इतकी अरुंद असते की स्फटिक आणि चिकट स्राव यांचा बारीकसा बुच तिला पुरतो. लघवी पूर्ण तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. मांजरीला (भाटीला) हे क्वचित होतं, बोक्याला सर्रास.

आणि हे घराघरांतून एकाच पद्धतीने बिघडतं. बोका कुंथताना दिसतो. घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "पोट साफ होत नाही त्याचं, एरंडेल द्या चमचाभर." चमचाभर जातं. बोका पलंगाखाली जाऊन बसतो, मागचा भाग सारखा चाटतो, हात लावला की गुरगुरतो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात, मग म्हणतात एरंडेल बाधलं, आता ताक द्या. तोवर पोटाच्या मागच्या भागात मूत्राशय टणक चेंडूसारखं हाताला लागत असतं, पण बघतो कोण! दवाखान्यात पोचतो तेव्हा अंग थंड पडलेलं असतं. मग सलाईन, भूल, कॅथेटर, दोन-तीन दिवस मुक्काम. हाच बोका आदल्या दिवशी आला असता तर खर्चही कमी आणि धोकाही. कुंथणाऱ्या बोक्याला बद्धकोष्ठ असूही शकतं, पण ते लघवी होतेय याची खात्री झाल्यावरच म्हणायचं. आणि पोट दाबून लघवी काढायला कृपा करून जाऊ नका. ताणलेलं मूत्राशय आतल्या आत फुटतं.

आता इन्फेक्शन. दहा वर्षांखालच्या, बाकी धडधाकट मांजराच्या लघवीत जंतू फार क्वचित सापडतात. वारंवार बसणं, थोडी थोडी लघवी, रक्ताची झाक, गादीवर किंवा मोरीत करणं, हे सगळं बहुतेक वेळा मूत्राशयाला आलेली सूज असते, जंतूंशिवायची. तिचा संबंध ताणाशी, कमी पाण्याशी, वजनाशी. आणि ती साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरते. म्हणूनच "आम्ही अमुक गोळी दिली, चार दिवसांत बरं झालं" असं छातीठोक सांगणारे प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांनी लिंबू ओवाळून टाकलं असतं तरी चार दिवसांत बरंच झालं असतं! या मंडळींशी वाद घालून घसा बसतो, पण त्यांचे ग्रुपवरचे सल्ले वाचून लोक माणसांची औषधं मांजराला देतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

उदाहरणार्थ, घरात पडलेलं लघवीच्या जळजळीवरचं सायट्रेट सिरप. ते लघवी अल्कलीकडे नेतं, आणि मांजरातला नेहमीचा स्ट्रुव्हाइट खडा नेमका अल्कलीच्या लघवीत बनतो. म्हणजे उपाय म्हणून तुम्ही खड्यालाच खतपाणी घालता. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मांजराला दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर डोळ्यांचा पडदा निकामी होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. कुत्र्याच्या उरलेल्या गोळीचा अर्धा तुकडा "अंदाजाने" देणाऱ्यांनी हे वाचावं. आणि क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, एका गोळीत मांजर मारतं. त्याच्या यकृताला ते पचवताच येत नाही.

जवाच्या पाण्याबद्दल: त्यातलं पाणी उपयोगी आहे, जव नाही. पण सिरिंजने जबरदस्तीने पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि धरपकडीचा ताण त्या सुजेला वाढवतो. पाणी खाण्यातून गेलं पाहिजे. ४ किलोच्या बोक्याला दिवसाला, खाण्यातलं धरून, २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. कोरड्या दाण्यांत जेमतेम १० टक्के पाणी, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. म्हणजे नुसते दाणे खाणारा बोका सदैव तहानलेलाच. ओल्या पाऊचमध्ये आणखी दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा, किंवा मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी दाण्यांवर घाला. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट, सुके बोंबील बंद: मीठ आणि खनिजं दोन्ही जास्त. दुधाने पाण्याची भरपाई होत नाही, उलट बऱ्याच मोठ्या मांजरांना ढाळ लागतात. पाण्याचे वाडगे पसरट हवेत, मिशा न टेकणारे, दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब.

ट्रे. बाजारातले बहुतेक ट्रे बोक्याला अपुरे. शेपटी सोडून जेवढी त्याची लांबी, त्याच्या दीडपट ट्रे लागतो, म्हणजे ६५-७० सेंटीमीटर. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, एक बाजू १२-१५ सेंटीमीटर उंचीपर्यंत कापा, कड घासून गुळगुळीत करा, झालं काम. वास नसलेली, गोळे होणारी माती, ४-५ सेंटीमीटर थर. गोळे रोज काढायचे, सकाळ-संध्याकाळ जमलं तर उत्तम. झाकणाचा ट्रे माणसाच्या सोयीचा आहे, मांजराच्या नाही. एका मांजराला दोन ट्रे, दोन वेगळ्या खोल्यांत. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, ते मध्येच घरघरलं की बोका तिथे परत पाऊल ठेवत नाही.

फवाऱ्यांचं प्रकरण वेगळंच. उभा राहून, शेपूट ताठ करून, तिचं टोक थरथरवत, उभ्या पृष्ठभागावर थोडीशी पिचकारी: हा हद्दीचा शिक्का. बसून, आडव्या जागी, भरपूर: ही लघवी, आणि तिथे आजार किंवा ट्रेबद्दलची तक्रार शोधायची. तुमच्याकडे बहुधा दोन्ही चालू आहेत. शिक्क्याला पहिला उपाय नसबंदी. दहातल्या नऊ बोक्यांचं फवारणं तिने थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं, मात्र हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. "खच्ची केलं की लघवी अडकते" हा जुना समज आहे; नसबंदीने मूत्रनलिका अरुंद होत नाही हे तपासून झालंय. वजन वाढतं हे मात्र खरं, आणि जाड, आळशी बोक्यात लघवीच्या तक्रारी जास्त. म्हणून त्यानंतर खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करा.

डाग फिनाईलने पुसू नका. फिनाईल आणि डेटॉलमधले फिनॉल जातीचे घटक मांजराला विषारी असतात, पंजे चाटताना पोटात जातात. ब्लीचही नको: लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू सुटतो. एन्झाइमवाली कपड्यांची पावडर लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, डागाच्या चारही बाजूंनी वीतभर जास्त जागा भिजवा, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, वाळलं की सर्जिकल स्पिरिट फवारा (आधी कापडाच्या कोपऱ्यावर रंग जातो का बघा). जुने डाग सापडत नसतील तर अंधारात अतिनील टॉर्च मारा, पिवळसर-हिरवे चमकतात. त्याच जागी खाण्याची वाटी ठेवली तर बरेच बोके तिथे फवारायचं सोडतात. बाहेरचा बोका गॅलरीत येऊन बसत असेल तर काचेच्या खालच्या भागाला अपारदर्शक फिल्म लावा. दिसला नाही की निम्मं भांडण मिटतं. फेलिवेसारखा डिफ्यूझर (मांजराच्या गंधखुणेची नक्कल हवेत सोडणारं प्लगमधलं यंत्र) मदत करतो, पण नसबंदीची जागा घेत नाही.

आणि हो, वर जे जंतूंबद्दल म्हटलं ते म्हाताऱ्या मांजरांना लागू नाही. दहा वर्षांपुढे, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर खरं इन्फेक्शन पुष्कळ दिसतं, आणि तिथे अँटिबायोटिक टाळणं चुकीचं. पण लघवी तपासल्याशिवाय कुठलंच नको. साधी तपासणी घरच्या नमुन्यावर होते: रिकाम्या ट्रेमध्ये मत्स्यालयातले स्वच्छ धुतलेले, कोरडे खडे टाका, लघवी झाली की सिरिंजने ओढून तासाभरात लॅबमध्ये पोचवा. फ्रिजमध्ये ठेवलीत तर थंडीने नसलेले स्फटिकही तयार होतात. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, हा नमुना चालत नाही, तो डॉक्टर पोटातून सुईने काढतात. खड्याची शंका असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही मागा: स्ट्रुव्हाइट आहाराने काही आठवड्यांत विरघळतो, ऑक्झलेट जातीचा खडा विरघळत नाही, तो काढावाच लागतो.