‘सिस्टर’ हाकेचं सोडा, बिल्ल्यावरच्या पदाचं बघा

कोथरूडच्या ताई, तुमची भाची क्रिटिकल केअरमधला (म्हणजे आयसीयूतला) नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे तपासण्या-औषधांची जास्त जबाबदारी घेणाऱ्या नर्सचा, कोर्स करून नोकरीला लागली, पण बिल्ल्यावर अजून ‘स्टाफ नर्स’च आहे आणि एका कन्सल्टंटनी तिला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणून टोमणा मारला. आता तिनं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातच ३१ वर्षं आयसीयूत काढली, शेवटची ९ इन्चार्ज म्हणून.

आधी ‘सिस्टर’चं. त्या हाकेवर तिनं रक्त आटवू नये. आपल्याकडे वॉर्डात आया ‘मावशी’, वॉर्डबॉय ‘मामा’, पुरुष नर्स ‘ब्रदर’. सगळा कारभार नात्यागोत्याचा. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये ‘सिस्टर’ हे वॉर्ड सांभाळणारीचं पद, बढतीनं मिळणारं. आपण ते सरसकट वाटून टाकलं. रात्री दोनला नातेवाईक ‘सिस्टर, जरा बघता का’ म्हणतो, त्यात अपमान कसला? मला लागायचं ते वेगळंच. राउंडला सर हाउसमनला, म्हणजे ज्युनिअर डॉक्टरला, सांगायचे, “सिस्टरना सांग, सलाइन कमी करा.” मी हातभर अंतरावर उभी, चार्ट माझ्याच हातात!

‘अर्धी डॉक्टर’ला उत्तर देताना अमेरिकेचे दाखले नकोत. तिथे १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, अशा दोघांनी मिळून हे काम सुरू केलं. आज तिथल्या बऱ्याच राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः औषधं लिहून देतात. आपल्याकडे तसं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स पदव्युत्तर आहे, पण औषध देणं, तपासण्या सांगणं हे हॉस्पिटलच्या लेखी प्रोटोकॉलच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमावलीच्या, चौकटीत. खरी गोम इथेच आहे. प्रोटोकॉल नसेल तर नुसतं पदनाम मिळून काय उपयोग? उद्या काही कमीजास्त झालं की सगळे हिच्याकडेच बोट दाखवणार. म्हणून मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) आणि एचआरकडे लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागायच्या: पदनाम, कामाची व्याप्ती आणि तो प्रोटोकॉल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंद झाली असेल तर तिची प्रत जोडावी. नसेल तर आधी ती करून घ्यावी.

पद दिसलं की फरक पडतो, हे पुण्यात बघायला लांब जायला नको. वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये मिलिटरी नर्सिंगच्या मुली लेफ्टनंट, कॅप्टन असतात. एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नर्सिंग कॉलेजातून बाहेर पडलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरगीसुद्धा खांद्यावर स्टार घेऊन वॉर्डात येते. ड्युटीवरचा थकवा तिलाही तेवढाच, पण आपण कोण हे तिला दर वेळी सांगत बसावं लागत नाही.

एक मात्र तिला बजावून सांगा. पेशंटनं चुकून ‘डॉक्टर’ म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं: “मी डॉक्टर नाही, नर्स प्रॅक्टिशनर आहे.” आमच्याकडे एकजण गप्प राहायची, बरं वाटायचं तिला. नंतर नातेवाइकांनी “डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं” म्हणून गोंधळ घातला, तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नाही.

अर्जाचा मसुदा झाला की इथेच टाका, मी नजर घालते. आणि त्या कन्सल्टंटचं नाव त्यात अजिबात नको.