जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान कोण? इंदिरा गांधी का?

नाही. तो मान श्रीलंकेच्या (तेव्हाचे सिलोन) सिरिमावो बंदरनायके यांचा. त्या 21 जुलै 1960 ला पंतप्रधान झाल्या, इंदिराजी 1966 मध्ये.

सप्टेंबर 1959 मध्ये त्यांचे पती, पंतप्रधान सॉलोमन बंदरनायके यांना घरीच एका बौद्ध भिक्षूने गोळ्या घातल्या. तोवर सिरिमावोंनी एकही निवडणूक लढवली नव्हती. विरोधकांनी ‘रडणारी विधवा’ म्हणून हिणवलं, पण बाईंनी प्रचाराची धुरा घेतली आणि पक्ष जिंकला. गंमत म्हणजे त्या स्वतः उमेदवारच नव्हत्या. सिनेटमधून, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातून, पंतप्रधान झाल्या!

परदेशी तेल कंपन्यांचा व्यवसाय ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने मदत थांबवली, तरी त्या नमल्या नाहीत. 1972 मध्ये देश प्रजासत्ताक झाला तो त्यांच्याच काळात. 1980 मध्ये मात्र सत्तेच्या गैरवापराचा ठपका ठेवून त्यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेतले गेले. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलीने, चंद्रिका कुमारतुंगांनी, आईला पुन्हा पंतप्रधान केलं. 10 ऑक्टोबर 2000 ला मतदान करून परतताना त्या गेल्या.

कौतुक करताना दुसरी बाजू विसरू नये. सिंहली हीच राजभाषा, हे धोरण त्यांनी 1961 पासून नेटाने राबवलं आणि तमिळ आणखी दुरावले. 1964 च्या शास्त्रीजींबरोबरच्या करारात 5,25,000 भारतीय वंशाच्या तमिळांना भारतात पाठवायचं ठरलं. त्यातले बहुतेक चहामळ्यांतले मजूर, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.