नवशिका म्हणू नये?

प्रश्न इंदूरच्याच एका ताईंचा. त्यांच्या ओळखीची चार-सहा मराठी मंडळी रविवारी एकत्र बसून एस्पेरान्तो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकतात. नव्याने येणाऱ्यांसाठी दारावर पाटी लावायची आहे. 'नवशिक्यांचे स्वागत' लिहावं की 'नवशिकांचे'? आणि 'नवशिका' हिणवल्यासारखं वाटतं, तर 'नवोदित' चालेल का?

'नवोदित' अजिबात नको. उदय सूर्याचा होतो, फार तर कवीचा. पहिल्या धड्याला अडखळणाऱ्याचा होत नाही. 'होतकरू' म्हटलं की त्याआधी 'गरीब व' आपोआप ऐकू येतं. 'नवागत' तर नुसता आलाय, कशाला ते कळत नाही.

'नवशिक्या'ला हिणकस वास चिकटलाय, हे कबूल. 'नौसिखिया है भिया' हे ऐकत ऐकतच आम्ही स्कूटर शिकलो. पण शब्दाला नाक मुरडण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा. 'शिक' आला प्राकृत 'सिक्ख'वरून, तो संस्कृत 'शिक्ष्'वरून, आणि 'शिक्ष्' हे 'शक्'चं इच्छार्थक रूप. 'पा'चं पिपासा, 'ज्ञा'चं जिज्ञासा, तसं 'शक्'चं शिक्षा. शक् म्हणजे जमणं. म्हणजे शिकणं म्हणजे जमावंसं वाटणं! जमलेलं नाही, जमावं अशी तहान आहे.

यावर आमचे एक संस्कृतज्ञ स्नेही दरवेळी बोट उगारतात : धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'शिक्ष विद्योपादाने' असा स्वतंत्र धातू दिलाय, तुम्ही 'शक्' कुठून आणता? पाणिनीकडूनच आणतो, महाराज. अष्टाध्यायीतलं ७.४.५४ हे सूत्र उघडा. 'सन्' हा इच्छेचा प्रत्यय लागल्यावर शक् च्या अकाराचं काय होतं ते तिथेच सांगितलंय. आणि हेच स्नेही सत्काराच्या भाषणात 'शिष्य' आणि 'शिक्षण' एकाच धातूचे म्हणून ठोकून देतात! शिष्य आला 'शास्'पासून. शासन, शास्ता, शास्त्र ही त्याची भावंडं. शिष्याला वळण लावायचं असतं. शिकणाऱ्याला स्वतःलाच काही हवं असतं. दोघांची जात वेगळी.

हा फरक काथ्याकुटाचा नाही. ताईंनीच लिहिलंय : मागच्या महिन्यात एक कॉलेजातला मुलगा आला आणि धीर करून पहिलं वाक्य बोलला, 'मि मांजास पोमो', मी सफरचंद खातो. जुन्या सभासदांपैकी एकजण तिथल्या तिथे कडाडले, 'पोमो नाही, पोमोन! कर्माला "न" लागतो!' बरोबरच आहे, लागतो. आपण मात्र 'सफरचंद खातो' म्हणतो, 'सफरचंदाला खातो' म्हणत नाही, त्यामुळे मराठी माणूस तिथे हमखास घसरतो. मुलगा पुढच्या रविवारी आला नाही. आलेला शिका होता, त्याला शिष्य करून टाकला.

आता खरी गंमत. ही भाषा रचणाऱ्या झामेनहॉफने १८८७ साली वॉर्सात पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा भाषेचं नाव नुसतं 'आंतरराष्ट्रीय भाषा' होतं. एस्पेरान्तो हे त्याचं टोपणनाव : डॉक्टर एस्पेरान्तो, आशा धरणारा. लोकांनी तेच भाषेला चिकटवलं. त्यातला 'आन्त' हा चालू क्रियेचा कर्ता दाखवतो. नवशिक्याला त्या भाषेत म्हणतात 'कोमेन्त्सान्तो', सुरुवात करणारा. तिथेही तोच आन्त. (आपल्या 'पडत्या फळाची आज्ञा'मधला 'त' याचाच दूरचा भाऊ. संस्कृत 'पतन्त्' मनात म्हणून बघा.)

मग आशा धरणाऱ्याला मराठीत काय म्हणतात? उमेदवार! फारसी 'उमेद' म्हणजे आशा, ती ज्याच्यापाशी आहे तो उमेदवार. हा शब्द निवडणुकीने पार पळवून नेला. आता उमेदवार म्हटलं की हात जोडलेला फ्लेक्सच डोळ्यांपुढे येतो, आणि माझं डोकं फिरतं. आमच्या आजोबांनी दीड वर्ष एका कचेरीत 'उमेदवारी केली' ती मतांसाठी नव्हे : पगार नाही, कोपऱ्यातली चटई, दुसऱ्याचे कागद उतरवून काढायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट बघायची. ही जुनी उमेदवारी सरकारी कागदात अजून तग धरून आहे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याचं मराठी नाव 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' आहे. ज्या कुणी बाबूने ही जोडी जुळवली त्याला साष्टांग. जमावंसं वाटणारा, आशा धरणारा. म्हणजे 'एस्पेरान्तो'चं मराठी भाषांतर कायद्याच्या मुखपृष्ठावर केव्हाच छापून बसलंय, आणि तुम्ही 'नवोदित' शोधताय!

माझं चाललं तर पाटीवर 'उमेदवारांचे स्वागत' लिहीन, पण गल्लीतले लोक हार घेऊन येतील. तेव्हा नवशिकाच ठेवा. सामान्यरूप 'नवशिक्या', म्हणून 'नवशिक्यांचे', 'नवशिकांचे' चूक. खाली एस्पेरान्तोतला स्वागताचा शब्दही लिहा : 'बोनवेनोन'. आपल्या सु-आगतसारखाच, चांगलं येणं. त्याच्या शेवटी जो 'न' आहे ना, तो तोच कर्माचा 'न', त्या मुलाच्या सफरचंदाला न लागलेला.